त्याले खुर्ची कसाले पाहिजे? मालक अध्यक्ष व्हायला निघाला की हेतू कसा तपासायचा

जुलै २०१८ मध्ये मी महिनाभर भाच्याकडे होतो, अमेरिकेत मिलवॉकीला. एका संध्याकाळी त्याने बेसबॉलची मॅच दाखवायला नेलं. पहिल्या तासात मला खेळ काडीचा कळला नाही. पंख्यासारखं उघडणारं-मिटणारं छप्पर कळलं, आणि मध्येच पाच माणसं सॉसेजचे भलेमोठे पोशाख घालून पळाली, ती शर्यत कळली. पण आत जाण्याआधी आम्ही बाहेर एका पुतळ्यापाशी थांबलो होतो, तिथे मात्र मला थेट आपला तालुका दिसला.

खेळाडूंचे पुतळे होते, ते ठीक. हा एक सूट-टायवाला होता. बड सेलिग. भाचा म्हणाला, "मामा, हा आधी ह्या टीमचा मालक होता, मग सगळ्या बेसबॉलचा कमिशनर झाला."

"मालकी सोडून?"

"नाही ना. सहा वर्षं दोन्ही एकदम."

तो घरी आईशी बोलतो तसा अहिराणीत म्हणाला, "मंग टीम तर व्हतीच. त्याले खुर्ची कसाले पाहिजे व्हती?"

मी ३१ वर्षं सहकारी संस्थांचं ऑडिट केलं. विकास सोसायट्या, पतपेढ्या, जिनिंग-प्रेसिंग, केळी विक्री संस्था. त्याचा प्रश्न मला चोपडा, यावल, रावेर, अमळनेर सगळीकडे पडलेला आहे: ज्याचं स्वतःचं दुकान चांगलं चाललंय तो सगळ्या बाजाराचा अध्यक्ष व्हायला का धावतो? पारावर ह्याचं उत्तर एका शब्दात मिळतं, "खायला." हे उत्तर आळशी माणसाचं आहे. मी स्वतः एकदा ते देऊन तोंडघशी पडलो, ते पुढे सांगतो.

त्या रात्री भाच्याच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही एक कागद केला. तीच रीत इथे देतोय. उदाहरण सेलिगचं घेतो, कारण त्याच्या काळातले बरेच कागद आता उघडे आहेत. तुम्ही तिथे तुमच्या असोसिएशनचा, बाजार समितीचा, कबड्डी संघटनेचा माणूस बसवा.

आधी खुर्चीचं वजन करा

माणसाकडे नंतर बघा. आधी बघा की ती खुर्ची काय काय करू शकते. नुसता सत्कार स्वीकारणारी खुर्ची असेल तर हेतूही हारातुऱ्यांचाच असतो, तिथे कागद वाया घालवू नका.

बेसबॉलची खुर्ची तशी नव्हे. तिथे प्रत्येक टीम ही कुणाची तरी खाजगी मालमत्ता, जशी आपल्याकडे प्रत्येकाची जिनिंग वेगळी. आज अशा ३० टीम आहेत, आणि हे मालकच तीन चतुर्थांश मतांनी कमिशनर नेमतात. पगार मालकांनी द्यायचा, आणि दंड मालकांनाच भरायला लागायचा. हा विचित्र प्रकार सुरू झाला १९२० मध्ये. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटी अजिंक्यपदासाठी होणाऱ्या सामन्यांत, शिकागोचे खेळाडू पैसे घेऊन मुद्दाम हरले, लोकांचा विश्वास उडाला, गल्ला आटायची भीती वाटली. तेव्हा मालकांनी केनेसॉ माउंटन लँडिस नावाच्या फेडरल न्यायाधीशाला आणून बसवलं. त्याने अट घातली की माझ्या निकालाविरुद्ध कुणी कोर्टात जायचं नाही. घाबरलेल्या मालकांनी सही केली. आरोप आठ खेळाडूंवर होता. १९२१ मध्ये ज्युरीने खटल्यात उभ्या असलेल्यांना निर्दोष सोडलं, तरी दुसऱ्याच दिवशी लँडिसने आठही जणांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या टीमचा मालक विल्यम कॉक्स आपल्याच टीमवर पैज लावायचा हे उघड झालं, तर त्या मालकालाही कायमचं घरी बसवलं. १९९० मध्ये न्यूयॉर्क यांकीजचा बडा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, त्याच्या हातातूनही कारभार काढून घेतला गेला.

म्हणजे ही खुर्ची अध्यक्षाची आहे, पंचाची आहे, आणि वेळ पडली तर प्रशासकाचीही आहे. अशी काठी असेल तर ती आपल्या पाठीवर पडण्यापेक्षा आपल्या हातात असलेली बरी, हा झाला कुठल्याही मालकाचा पहिला हेतू. कागदावर पहिल्या ओळीत आम्ही तोच लिहिला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही ज्याच्या काट्यावर सारख्या तक्रारी येतात तोच काटे तपासणाऱ्या समितीवर जायला सगळ्यात उत्सुक असतो.

सेलिगच्या आधी आठ कमिशनर झाले. न्यायाधीश, राजकारणी, पत्रकार, हवाई दलाचा जनरल, वकील, ऑलिंपिक भरवणारा उद्योजक, प्राध्यापक आणि पुन्हा वकील. टीमचा चालू मालक एकही नाही. चौकट मोडली गेली असेल तर कधी आणि का, हे विचारायचंच.

खुर्ची रिकामी कशी झाली ते इतिवृत्तात वाचा

नवीन लेखापरीक्षक ताळेबंदाने सुरुवात करतात. मी इतिवृत्ताच्या वहीने करायचो. आधीचा माणूस कसा गेला हे कळलं की नवीन माणसाला कुणी आणलं ते आपोआप कळतं.

सेलिगच्या आधी फे विन्सेंट होता. त्याने मालकांना कुठे कुठे दुखावलं ते बघा. १९९० च्या सुरुवातीला मालकांनी खेळाडूंना बाहेर ठेवून टाळेबंदी केली होती, त्यात हा मध्ये पडला. टाळेबंदी ३२ दिवसांत मिटली, पण 'हा आपला की खेळाडूंचा?' असं मालक विचारायला लागले. मग दोन नव्या टीमकडून प्रवेशशुल्क म्हणून १९ कोटी डॉलर आले. बेसबॉलच्या टीम नॅशनल आणि अमेरिकन अशा दोन लीगमध्ये वाटलेल्या आहेत. ह्या दोन्ही नव्या टीम नॅशनल लीगमध्ये जाणार होत्या, तरी विन्सेंटने त्यातले ४ कोटी २० लाख दुसऱ्या लीगला दिले, आणि वर सांगितलं की नव्या टीमसाठी खेळाडूही तुम्ही द्या. दोन्ही बाजू नाराज. वाटणीचं हे असंच असतं. मग १९९२ मध्ये त्याने काही टीमचे विभाग बदलायचा हुकूम काढला, तर शिकागो कब्ज ही टीम कोर्टात गेली आणि तिने मनाई आणली.

सप्टेंबर १९९२ मध्ये मालकांनी अविश्वास ठराव घेतला. १८ विरुद्ध ९, एक तटस्थ. विन्सेंटने ७ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि दोन दिवसांत मालकांच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षपदी सेलिग आला, 'तात्पुरता'.

इथे पेन थांबवा. आपण सगळे विचारतो की त्याला खुर्ची का हवी. त्याहून वजनदार प्रश्न हा की त्या अठरा जणांना तो खुर्चीवर का हवा. भाचा हे ऐकून जरा हिरमुसला, त्याला एका माणसाचं मन उकलायचं होतं. पण ३१ वर्षांत मी एकही माणूस केवळ स्वतःच्या इच्छेने चेअरमन झालेला पाहिला नाही. त्या मालकांचा खेळाडूंच्या संघटनेशी करार संपत आला होता. १९८५ ते ८७ मध्ये ह्या मालकांनी आपसात ठरवून दुसऱ्यांच्या, करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंना भावच दिला नाही, ते सिद्ध झालं आणि २८ कोटी डॉलर भरपाई मोजावी लागली. आता पुढच्या भांडणात त्यांना मध्ये पडणारा पंच नको होता, आपल्यातलाच गडी हवा होता. व्यापाऱ्यांनी मिळून भाव पाडल्यावर बाहेरचा सचिव आला तर काय होतं, हे आपल्याकडे लिलावाला उभा राहिलेला कुठलाही शेतकरी सांगेल.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकात त्याचा हेतू, दुसऱ्यात त्याला मत देणाऱ्यांचा. दुसरा रकाना आधी भरा.

त्याच्या दुकानाची खतावणी शेजारी ठेवा

ही पायरी सगळ्यात किचकट आणि सगळ्यात कामाची. खुर्चीवरून घेतलेला प्रत्येक मोठा निर्णय एका बाजूला लिहा, आणि समोर लिहा की त्याने त्याच्या दुकानात काय आलं किंवा गेलं. भावना नको, नोंद हवी.

सेलिगचं दुकान म्हणजे मिलवॉकी ब्रुअर्स. बेसबॉलच्या बाजारात सगळ्यात लहान गावांपैकी एक. न्यूयॉर्कच्या टीमला टीव्हीचे पैसे धो-धो, इथे थेंब थेंब. अशा मालकाला तीन गोष्टी हव्या असणार हे सांगायला ज्योतिषी नको: खेळाडूंच्या पगाराला वरची मर्यादा, श्रीमंत टीमच्या उत्पन्नातला वाटा, आणि लोकांच्या पैशातून नवीन स्टेडियम.

पगाराच्या मर्यादेवर १९९४ मध्ये भडका उडाला. १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले. १४ सप्टेंबरला सेलिगने उरलेला हंगाम आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाल्याचं जाहीर केलं. १९०४ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज झाली नाही. संप संपला तो ३१ मार्च १९९५ ला सोनिया सोटोमेयर ह्या न्यायाधीशबाईंनी मालकांविरुद्ध मनाई दिल्यावर. पगाराची मर्यादा मिळालीच नाही. आता नोंद करा: मोसम बुडाला म्हणजे त्याच्या स्वतःच्या स्टेडियमचीही तिकिटं बुडाली. चालू वर्षाच्या गल्ल्यासाठी बसलेला माणूस हे करत नाही. हा पुढच्या वीस वर्षांचा हिशेब होता, आणि तो अंगाशी आला.

उत्पन्नाची वाटणी मात्र पुढच्या करारांत आली आणि वाढत गेली. फायदा ब्रुअर्सला झाला, तसा इतर लहान टीमलाही झाला. अशा नोंदीसमोर मी 'सामायिक' असा शेरा मारतो. गावचा पाझर तलाव झाला आणि सरपंचाच्या विहिरीला पाणी आलं, तर शेजारच्या विहिरींनाही आलं का हे बघायला दोर टाकावा लागतो.

स्टेडियमची नोंद लांबली. नवीन मैदानाचा खर्च सुमारे ४० कोटी डॉलर. मिलवॉकी आणि आजूबाजूच्या चार काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, विक्रीकरावर ०.१ टक्का जादा लावायचा असं ठरत होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात, सिनेटमध्ये, मतदान रात्रभर चाललं, ठराव पडायच्या बेतात होता. रसीन भागाचा सिनेटर जॉर्ज पेटाक विरोधात होता, शेवटच्या क्षणी त्याने मत फिरवलं आणि ठराव तरला. पुढच्या वर्षी रसीनच्या मतदारांनी त्याला मुदतीआधीच परत बोलावलं. हे ऐकून मी भाच्याला म्हटलं, म्हणजे मालकाचं मैदान झालं आणि आमदाराची गादी गेली! तो कर मार्च २०२० पर्यंत चालला. १९९९ च्या जुलैत छपराचा भाग उचलताना मोठी क्रेन कोसळली आणि तीन कामगार गेले. त्यांचंही स्मारक बाहेर आहे. आम्ही ते पाहिलं तेव्हा जवळ कुणीच नव्हतं.

ही नोंद 'स्वतःची' म्हणावी का? छोट्या गावांच्या बऱ्याच मालकांनी त्या काळात करदात्यांकडून मैदानं मिळवली, खुर्ची नसतानाही. पण 'मैदान दिलं नाहीत तर टीम जाईल' हे वाक्य साधा मालक बोलला तर धमकी वाटते आणि खेळाचा प्रमुख बोलला तर हवामानाचा अंदाज वाटतो. एवढा फरक खुर्चीने नक्की पडला असणार, हे माझं मत.

एक उलटी नोंदही सांगतो, कारण प्रामाणिक कागदावर ती असायला हवी. १९९८ मध्ये ब्रुअर्स अमेरिकन लीगमधून नॅशनल लीगमध्ये गेले. मिलवॉकीच्या लोकांना नॅशनल लीगचीच ओढ, पूर्वी त्यांची टीम तिथेच खेळायची. पाहणारा लगेच म्हणेल, बघा, स्वतःचं करून घेतलं. पण ती जागा आधी कॅन्सस सिटीच्या टीमला देऊ केली होती. त्यांनी नको म्हटल्यावर ब्रुअर्स गेले. संशय आला की त्याच नोंदीची मागची पानं उलटा, अर्धे संशय तिथेच गळतात.

कुणाचं देणं आहे?

आपल्या सहकार कायद्यात थकबाकीदाराला संचालक राहता येत नाही. ज्याने ते कलम घातलं त्याला माणूस कळत होता. खुर्चीवरचा माणूस कुणाचं देणं लागतो हे कळलं की त्याची मान कुठे वळणार ते कळतं.

२००१ च्या नोव्हेंबरात मालकांनी २८ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की दोन टीम बंदच करायच्या. त्यात शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या ट्विन्स टीमचं नाव पुढे होतं. ट्विन्सचा मालक कार्ल पोलाड. काही आठवड्यांत, जानेवारी २००२ मध्ये, बातमी आली की १९९५ साली पोलाडच्या कंपनीने ब्रुअर्सला ३० लाख डॉलरचं कर्ज दिलं होतं. अल्पमुदतीचं होतं, फेडलं होतं, असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. पण मालकांनी एकमेकांना कर्ज द्यायचं तर इतरांची मंजुरी लागते असा बेसबॉलचाच नियम होता. टीका करणाऱ्यांनी नकाशाही काढला: ट्विन्स गेले तर आजूबाजूचे प्रेक्षक कुणाकडे वळतील? शेवटी मिनेसोटाच्या कोर्टाने ट्विन्सना २००२ चा मोसम खेळायला लावलं, आणि गंमत बघा, त्या वर्षी ते आपल्या विभागात पहिले आले.

अशा कर्जावरून मी 'भ्रष्ट' लिहीत नाही. मी लिहितो: 'व्यवहार वेळेवर उघड केला नाही, खुलासा मागवावा.' एवढं पुरतं.

जखम शोधा

आता माझी फजिती. तापीकाठच्या एका केळी विक्री संस्थेचं ऑडिट माझ्याकडे होतं. चेअरमन मोठा बागायतदार, घरचे तीन ट्रक. बागेतून कापलेले घड सावद्याच्या स्टेशनवर जायचे, आणि भाड्याच्या व्हाउचरांवर सगळीकडे चेअरमनच्याच ट्रकचे नंबर. मला वाटलं मासा गावला. मी कडक आक्षेप लिहिला, दोन पानं. 'खुर्ची ट्रकसाठी' असं लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेच कळावं अशी भाषा होती.

सभेत त्याने शांतपणे दुसऱ्या तीन वाहतूकदारांची दरपत्रकं ठेवली. त्याचं भाडं सगळ्यांपेक्षा कमी होतं. दोन वर्षं तर त्याने डिझेलवाढही लावली नव्हती. लोक माझ्याकडे बघायला लागले, मी चष्मा पुसायला लागलो.

संध्याकाळी त्याने घरी जेवायला बोलावलं. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. जेवण झाल्यावर तो म्हणाला, साहेब, तुम्ही पैशाच्या वह्या वाचल्या, ठरावाची वही वाचली नाही. (वर मोठ्या तोंडाने इतिवृत्ताचं सांगितलं ना, ते इथे शिकलो.) १९८३ सालच्या सभेत त्याच्या वडिलांवर काटा मारल्याचा आळ आला होता आणि हात वर करून त्यांना काढलं होतं. आळ खरा की खोटा, कुणीच तपासला नाही. मुलगा चेअरमन झाल्यावर पहिला ठराव होता नवीन वजनकाट्याचा, आणि काटा सगळ्यांना दिसेल असा व्हरांड्यात ठेवायचा. त्याला ट्रकचं भाडं नको होतं. त्याला ती खुर्ची हवी होती जिच्यावरून बापाला उठवलं.

सेलिगच्या कागदावर अशी जखम सापडते. मिलवॉकीची टीम होती ब्रेव्हज. १९५३ ला आली, १९६५ नंतर तिच्या मालकांनी ती उचलून अटलांटाला नेली. सेलिग तेव्हा मोटारी विकणाऱ्या घरचा तरुण, टीमचा वेडा. पुढची पाच वर्षं तो गावासाठी टीम शोधत हिंडला. १९६८ आणि ६९ मध्ये शिकागोच्या व्हाइट सॉक्स टीमला पटवून काही सामने मिलवॉकीत खेळवले, दाखवायला की बघा, इथे गर्दी होते. शेवटी मार्च १९७० च्या अखेरीस सिएटलची दिवाळखोर झालेली टीम त्याच्या गटाला कोर्टातून १ कोटी ८ लाख डॉलरमध्ये मिळाली. पहिला सामना आठवड्यावर आला होता. टीमचं सामान भरलेला ट्रक यूटाहमध्ये उभा, चालकाला ठाऊक नाही की सिएटलला वळायचं की मिलवॉकीला. कपडे नवीन शिवायला वेळ नाही, म्हणून सिएटलच्याच कपड्यांवरची अक्षरं उसवून 'ब्रुअर्स' शिवलं. ७ एप्रिलला खेळले आणि ०-१२ ने हरले. लोक तरी खूश.

उसवलेल्या अक्षरांच्या खुणा मला फार दिसतात. बाईने जुनं पोलकं उसवलं की टाके गेले तरी भोकं राहतात, तशा. ज्या माणसाचं गाव टीम गेल्याने रडलं, त्याने दुसऱ्या गावाची टीम उचलून आणली. सिएटलने खटला भरला, त्यांना नवीन टीम १९७७ ला मिळाली. आणि माझा तो चेअरमन, ज्याच्या बापाला न तपासता काढलं, त्याने पहिल्या दोन वर्षांत त्या वेळी हात वर केलेल्यांतल्या दोन घरांचं सभासदत्व किरकोळ थकबाकीवरून रद्द केलं. ते मी पुढच्या अहवालात लिहिलं, आणि तो आक्षेप टिकला.

तेव्हा जखम सापडली म्हणून माणसाला देव करू नका. ज्याला पैसा हवा त्याचा हिशेब पकडता येतो. जखमवाल्याची व्हाउचरं स्वच्छ असतात, त्याच्या बाबतीत सभासदांची यादी तपासा: कोण आत आलं, कोण बाहेर गेलं.

पायरी म्हणून हवी आहे का?

हा हेतू ओळखायला सोपा. जॉर्ज डब्ल्यू. बुश १९८९ मध्ये टेक्सास रेंजर्स विकत घेणाऱ्या गटात होता, कारभारही बघायचा. विन्सेंट गेल्यावर त्यालाही कमिशनर व्हायचं होतं, हे विन्सेंटनेच पुढे सांगितलं. ते जमलं नाही, तो १९९४ ला टेक्सासच्या गव्हर्नरकीला उभा राहिला आणि पुढचं जगाला ठाऊक. असा उमेदवार ताळेबंदापेक्षा स्टेजकडे जास्त बघतो. आपल्याकडे दूध संघाच्या वार्षिक सभेत जो दुधाऐवजी पाटबंधाऱ्यावर बोलतो, तो आमदारकीचा.

'मला पद नको' ह्यावर तारीख टाका

सेलिग सहा वर्षं सांगत राहिला की मी तात्पुरता आहे, मला कायमचं पद नको. जुलै १९९८ मध्ये कायमचा कमिशनर झाला. तेव्हा त्याने टीममधला आपला वाटा ट्रस्टमध्ये ठेवला आणि ब्रुअर्सचा कारभार मुलगी बघायला लागली. ट्रस्ट म्हटलं की भाचा समाधान पावला. मी पावलो नाही. सरपंचपद राखीव झाल्यावर अर्ज कुणाच्या नावाने भरला जातो आणि झेडपीत चकरा कोण मारतं, हे आपण पाहिलेलं आहे. कायद्याने ते चूक नसेल, पण कागदावर 'मालकी संपली' असं लिहू नका. 'मालकी दूर ठेवली' लिहा.

नकाराची रीत अशी तपासा: तो नको म्हणतो त्या काळात दुसरा माणूस शोधायची समिती बसली का, तिच्या बैठका झाल्या का, किती नावं आली. शोध थंड पडला असेल तर नकारही थंडच समजा.

दुकान विकल्यावर काय करतो?

सगळ्यात खात्रीची परीक्षा ही, फक्त तिला वर्षं लागतात. २००५ मध्ये ब्रुअर्स विकले गेले, मार्क अटानासिओ नवीन मालक झाला. खुर्ची निव्वळ दुकानासाठी असती तर आता तिचं काम संपलं होतं. सेलिग उठला नाही. मुदत २००९ पर्यंत होती, ती पुढे २०१२, मग २०१४ झाली. जानेवारी २०१५ मध्ये रॉब मॅनफ्रेड आला तेव्हा तो उठला. म्हणजे ब्रुअर्सशिवायही त्याला ती खुर्ची हवी होती. आमच्या कागदावर भाच्याने 'दुकान' ह्या शब्दावर काट मारली नाही, पण त्याच्या वर 'घर' लिहिलं, आणि शेजारी अठरा मालकांचा रकाना तसाच मोठ्या अक्षरांत ठेवला. मला ते बरोबर वाटलं.

माझ्या चेअरमनलाही ही परीक्षा लावून झाली. ट्रक त्याने विकले, मुलगा नाशिकला गेला, बाग आता वाट्याने दिलेली आहे. मागच्या पावसाळ्यात मी तिकडून जात होतो तर व्हरांड्यात काट्याशेजारी खुर्ची टाकून बसलेला दिसला. मी विचारलं, आता किती दिवस?

"बस साहेब, औंदा सोडी देसू."

मी खिशातली डायरी काढून तारीख टाकली. ह्या वाक्यासमोरची ती पाचवी तारीख.